समुद्रातील मुद्दल संपत चालले आहे!
लहान मासळी, जाळ्याचा आस आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

हर्णै, जयगड, मिरकरवाडा, नाटे, साखरी या कोकणच्या बंदरांवर हजारो मुस्लिम कुटुंबांची रोजी मासळीवर चालते. नौकेचा नाखवा, तांडेल आणि खलाशी एवढीच माणसे या धंद्यात आहेत असे नाही. लिलावात बोली लावणारा व्यापारी, बर्फाचा कारखानदार, जाळी विणणारा व सांधणारा कारागीर, नौका बांधणारा सुतार, इंजिनाचा मिस्त्री, टेम्पोवाला, सुकी मासळी विकणाऱ्या आयाबहिणी, या सर्वांची चूल त्याच समुद्रावर पेटते. रत्नागिरी जिल्ह्यातील दालदी समाज तर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच जगत आला आहे.

या प्रत्येकाचे भांडवल वेगळे दिसते. कोणाची नौका, कोणाचा बर्फाचा कारखाना, कोणाची केवळ हातातली सुई आणि दोरा. परंतु सर्वांचे मिळून एक सामायिक भांडवल आहे, ते म्हणजे समुद्रात पोहणारी मासळी. दुर्दैव असे की, या भांडवलाची खतावणी कोणाच्याच पेढीवर लिहिली जात नाही. म्हणून नफा कोणता आणि मुद्दल कोणते, हे आपल्याला कळेनासे झाले आहे. वाढलेली मासळी धरणे हा नफा. वाढायच्या आत पिल्ले धरणे म्हणजे मुद्दल खाणे. दुकानाचे मुद्दल खाणारा व्यापारी काही दिवस ऐटीत राहतो, पण पुढे त्याच्या दुकानाला कुलूप लागते. समुद्राचेही तसेच आहे.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१८ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली. २०१९ साली हा आकडा सुमारे २ लाख १ हजार टनांवर घसरला. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' या वादळांमुळे ऐन हंगामात नौका बंदरात अडकल्या, हे खरे. त्यामुळे सगळा दोष माणसाच्या माथी मारता येणार नाही. परंतु ज्या घरात शिल्लक असते ते घर एका वादळाने मोडत नाही. समुद्रातील शिल्लकच कमी झाली असेल, तर एक वाईट वर्षही पुरते.

शेजारच्या केरळचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे २०१२ साली तारलीचे उत्पादन ३ लाख ९० हजार टनांच्या आसपास होते. २०२१ साली ते अवघे ३,२९७ टन भरले. तारली ही समुद्राच्या पाण्याच्या उष्णतेप्रमाणे कमीजास्त होणारी मासळी आहे आणि निसर्गाचा वाटा या घसरणीत मोठा होता. तरीही शास्त्रज्ञांनी एक गोष्ट वारंवार बजावली की, मासळी आधीच कमी असताना तिची पिल्ले धरली तर ती पुन्हा उभी राहण्यास फार काळ लागतो.

लांबी दुप्पट, वजन आठपट

व्यापारी माणसाला हिशेब लवकर पटतो, म्हणून हा हिशेब पाहू. मासा लांबीत दुप्पट झाला की, त्याचे वजन दुप्पट होत नाही. लांबीबरोबर रुंदी आणि जाडीही वाढते, म्हणून वजन सुमारे आठपट होते.

समजा, एका नौकेच्या जाळ्यात बोटभर लांबीची १०० किलो पिल्ले आली. ती खाण्याच्या बाजारात चालत नाहीत, म्हणून फिशमीलच्या कारखान्यात किंवा खतासाठी गेली आणि हिशेबापुरता किलोला २० रुपये भाव मिळाला. हाती आले २,००० रुपये. हीच पिल्ले समुद्रात राहून लांबीने दुप्पट झाली असती, आणि मधल्या काळात त्यांतील निम्मी मोठ्या माशांनी गिळली असती, तरी उरलेल्या निम्म्यांचे वजन ४०० किलो भरले असते. मोठ्या मासळीला किलोला १०० रुपये धरले, तर ४०,००० रुपये. भाव येथे समजुतीसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे. शिवाय मोठ्या झालेल्या माशाने पकडले जाण्यापूर्वी एकदा तरी अंडी घातली असती. ती पुढच्या वर्षाची बेगमी झाली असती.

म्हणजे २,००० रुपयांसाठी आपण ४०,००० रुपयांचा माल आणि त्याचे बियाणेही विकून बसतो. शेतकरी कितीही अडचणीत आला तरी बियाण्याच्या कणगीला सहसा हात लावत नाही. मच्छीमाराला ती कणगी डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

जाळे कसे बदलले?

पूर्वी सुताची आणि तागाची जाळी असत. ती जड, लवकर कुजणारी, वारंवार सुकवावी लागणारी होती. नायलॉन आले, इंजिन आले, मग ट्रॉलर आले. ट्रॉलचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेले जाते. कोळंबीसाठी निघालेले हे जाळे वाटेत येईल ते सर्व गोळा करते : पिल्ले, खेकडे, शंख-शिंपले, कासवेसुद्धा. तळावरची जी जागा लहान जिवांचे घर असते, तीच खरवडली जाते.

जाळ्याच्या टोकाशी जो खोळीसारखा भाग असतो, त्यातच सारा माल जमतो. त्या भागाचा आस कोणता, यावर पिल्लांचे जगणे अवलंबून असते. नेहमीच्या विणीत आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. जाळे ओढले की ताणाने तो मिटतो आणि मोठ्या आसाचे जाळेही बारीक चाळणीसारखे होते. चौकोनी आसाची वीण ताणाखालीही उघडी राहते, म्हणून पिल्ले निसटतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस केली आहे आणि गुजरातने तो २००३ च्या कायद्यात घेतला. आपल्या जाळी कारागिरांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. नाखवा जे मागेल ते विणून देणे हा धंदा झाला, पण त्याला दोन विणींतील फरक समजावून सांगणे हे उस्तादाचे काम आहे.

नायलॉनचा दुसरा दोषही विसरता येत नाही. ते कुजत नाही. खडकात अडकून तुटलेले किंवा वादळात वाहून गेलेले जाळे पाण्यात वर्षानुवर्षे मासे, कासवे धरीतच राहते. त्या मासळीचा ना लिलाव होतो, ना ती कोणाच्या ताटात येते. निकामी जाळ्याचे तुकडे समुद्रात न टाकता बंदरावर आणावेत, ही साधी सवयही मोठे काम करील.

शिंगाळ्याची गोष्ट

पर्ससीनचे जाळे वेगळ्या तऱ्हेचे आहे. थव्याभोवती गोल भिंत उभी करावी आणि खालची दोरी ओढून बटव्याचे तोंड आवळावे, तसे ते काम करते. बांगडा, तारली यांसारखी थव्याने फिरणारी मासळी एका फेऱ्यात टनावारी मिळते. यात कौशल्य आहे, मेहनत आहे आणि एका नौकेवर पंचवीस-तीस माणसांची रोजी आहे. म्हणून या नौकांना सरसकट गुन्हेगार ठरवणे बरोबर नाही. परंतु संपूर्ण थवा उचलण्याची ताकद किती घातक ठरू शकते, हे शिंगाळ्याने दाखवून दिले आहे.

शिंगाळ्याची मादी अंडी घालते, पण ती सांभाळतो नर. गोटीएवढी मोठी अंडी तो आपल्या तोंडात धरून ठेवतो आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत अन्नही घेत नाही. अंडी मोठी म्हणून संख्येने थोडी, इतर माशांप्रमाणे लाखांत नाहीत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन नौका वाढल्या. तोंडात अंडी असलेल्या नरांचे थवेच्या थवे जाळ्यात आले. मासा धक्क्यावर गेला आणि अंडी नौकेच्या फळीवर सांडून वाया गेली. एका फेऱ्यात बाप आणि पुढची पिढी दोन्ही गेली. पुढे पश्चिम किनाऱ्यावर शिंगाळ्याचे उत्पादन कोसळले. ज्या माशाला बाजारात हलका समजत, तोही मिळेनासा झाला.

हेच काम रात्रीच्या प्रखर दिव्यांनी अधिक सोपे केले. जनरेटरवर चालणारे एलईडी दिवे लावले की दूरची आणि खोल पाण्यातली मासळी उजेडाकडे ओढली जाते. लहान-मोठे, म्हाकूल-तारली असा भेद उजेडाला नाही. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. कायद्याचा धाक पुरेसा वाटला नाही, म्हणून राज्यानेही १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती केली आणि दंडाची रक्कम लाखांत नेली.

पर्ससीनबाबत राज्य सरकारने डॉ. सोमवंशी समिती नेमली होती. तिने परवान्यांची संख्या ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याची शिफारस केली. त्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या पाण्यातील पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा मर्यादित करण्यात आला. या आदेशावरून पर्ससीनवाले आणि रापण, डोल किंवा लहान जाळी लावणारे यांच्यात कटुता आली. दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत. एका मोहल्ल्यातील दोन घरे एकमेकांकडे पाठ फिरवून बसावीत, यासारखे दुःख नाही. भांडण जाळ्यांवरून असले, तरी त्याचे मूळ समुद्रातील कमी झालेल्या मासळीत आहे. पूर्वी सर्वांना पुरत होते, तेव्हा कोणी कोणाचे जाळे मोजत नव्हते.

खाडी ही मासळीची पाळणाघर

समुद्रावर काय चालले आहे ते आपण पाहतो, पण खाडीकडे दुर्लक्ष करतो. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात. त्यांची सुईएवढी पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात, तिवरांच्या मुळांत लपून वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्रात जातात. म्हणजे ट्रॉलरला मिळणारी कोळंबी कोणत्या तरी खाडीच्या चिखलात वाढलेली असते. तिवरे तोडून भराव टाकला, ड्रेजर लावून वाळू उपसली, की पाळणाच मोडला.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती पक्की केली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला. तरीही रात्रीच्या वेळी भरावाचे डंपर रिकामे होतातच. त्या जागेचा सौदा करणाऱ्यांत आपले बांधव असतील, तर त्यांनी विचार करावा की, एका प्लॉटच्या किमतीत किती घरांची कोळंबी विकली गेली.

कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीत मासे मेल्याच्या तक्रारी तेथील मच्छीमार अनेक वर्षांपासून करीत आले आहेत. त्या खाडीकाठी भोई आहेत, मुस्लिम आहेत, आणि मेलेला मासा कोणाच्या जाळ्यातला हे विचारीत नाही. चिखलातून तिसऱ्या, मुळे, कालवे गोळा करून संसाराला हातभार लावणाऱ्या स्त्रियांचे नुकसान तर कोणत्याही नोंदवहीत येत नाही. अशा प्रश्नावर एकेकट्याने अर्ज करण्यापेक्षा सर्व समाजांच्या मच्छीमारांनी एकत्र उभे राहिले, तरच ऐकले जाते.

बाजारही हिशेब मागतो

निसर्गाची काळजी हा शहरी लोकांचा शौक आहे, असे म्हणणारे व्यापारी भेटतात. त्यांनी कोळंबीच्या निर्यातीचे पाहावे. ट्रॉलच्या जाळ्यात कासवे मरतात, म्हणून जाळ्यातून कासवाला बाहेर पडण्यास वाट ठेवावी, ही अमेरिकेची अट जुनी आहे. तिच्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड हे देश जागतिक व्यापार संघटनेत गेले होते आणि १९९८ साली त्याचा निकाल लागला. अट टिकून राहिली. आपल्या नौकांवर ती सोय झाली नाही, म्हणून २०१९ पासून अमेरिकेने भारताची समुद्रातून धरलेली कोळंबी घेणे बंद केले. तळ्यात वाढवलेली कोळंबी जात राहिली, समुद्राच्या कोळंबीचे एक मोठे गिऱ्हाईक गेले. एका लोखंडी चौकटीची किंमत वाचवायला जाऊन बाजार गमावला.

दुर्मिळतेने भाव वाढतो आणि म्हणून चिंता नको, असेही काहींना वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील एका मच्छीमाराला १५७ घोळ मासे मिळाले आणि ते १ कोटी ३३ लाखांना विकले गेले, ही बातमी सगळीकडे गाजली. घोळीच्या पोटातील 'बोत' परदेशात फार महाग विकला जातो, त्यामुळे एवढी किंमत. परंतु एकाचे नशीब उघडले म्हणून धंदा चालत नाही. लॉटरी लागलेल्याची बातमी होते, रोज रिकामी परतणाऱ्या नौकेची होत नाही. तिचे डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार मात्र रोजचाच असतो.

पट्टी व्यापाऱ्याच्या हातात

राज्य सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७०० मिलिमीटर. याहून लहान मासा धरू नये, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मानही मिळाला. मान देऊन मासा वाढत नाही, लांबी पाळली तर वाढतो.

याचा उपयोग होतो का? केरळने २०१५ पासून अशी लांबी ठरवण्यास सुरुवात केली. तेथे ज्याला किळीमीन म्हणतात, तो आपला राणी मासा. हा नियम लागू झाल्यानंतर त्याचे उत्पादन ४१ टक्क्यांनी वाढल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सांगितले आहे. थांबणाऱ्याला मिळते, हे यावरून दिसते.

आता प्रत्येक नाखव्याचा एकच प्रश्न असतो : "मी सोडले तर दुसरा धरील, मग मीच का सोडू?" हा प्रश्न खोटा नाही. समुद्रावर गस्तीच्या नौका थोड्या आणि पाणी अफाट. परंतु सारी मासळी शेवटी काही मोजक्या बंदरांवर आणि मोजक्या व्यापाऱ्यांच्या समोर येते. जे गस्तीच्या नौकेला जमत नाही, ते लिलावाच्या जागेवर जमू शकते. पिल्लांच्या ढिगावर बोलीच लागली नाही, तर ती धरण्यासाठी डिझेल कोण जाळील? हंगामाआधी नौकेला उचल देणारा व्यापारी तर याहून पुढे जाऊ शकतो. उचल देतानाच त्याने बारीक आस आणि दिवे चालणार नाहीत, असे सांगावे. ज्याचा पैसा, त्याचा शब्द समुद्रातही पोहोचतो.

म्हणून काही गोष्टी आपल्या हातातील आहेत :

१) लिलावाच्या जागी ठरवलेल्या लांबीच्या खुणा केलेली पट्टी ठेवावी. लहान माल वेगळा काढून त्याची बोली नाकारावी.

२) जाळी विणणाऱ्यांनी चौकोनी आसाची वीण शिकून घ्यावी आणि गिऱ्हाइकाला तीच सुचवावी.

३) बर्फ पुरेसा वापरावा. बर्फाअभावी खराब होणारा माल वाचला, तर तेवढ्याच मासळीत जास्त पैसा होतो. नफा वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

४) कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला, तर जाळे कापून त्याला सोडावे. त्यासाठी राज्य सरकारने डिसेंबर २०१८ पासून जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. सोडतानाचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे दावा करता येतो.

५) २०१५ पासून केंद्राने पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यातील बंदी ६१ दिवसांची केली. त्या दिवसांत मासळी अंडी घालते. बंदीच्या काळात चोरून आलेला माल घेणे म्हणजे आपल्याच पुढच्या हंगामावर हात मारणे.

६) गावच्या जमातीने आणि मच्छीमार सोसायटीने एकत्र बसून लहान मासळीबाबत ठराव करावा. लग्नकार्यापासून जमिनीच्या तंट्यापर्यंत आपली जमात निर्णय घेते. समुद्राबद्दलही घ्यावा, आणि त्या बैठकीला पर्ससीनवाले व लहान जाळीवाले दोघांनाही बोलवावे.

यात कोणालाही धंदा सोडा असे सांगितलेले नाही. धंदा टिकवा, एवढेच म्हणणे आहे. मासळी हे असे भांडवल आहे की, ते कोणी गुंतवलेले नाही, त्याला खाऊ कोणी घालत नाही, तरी ते दर वर्षी वाढून आपल्या दारात येते. त्यातली वाढ तेवढी घ्यावी आणि मूळ तसेच ठेवावे, इतकाच त्याचा करार आहे. येत्या हंगामात पहिल्या लिलावाला पिल्लांचा ढीग समोर आला, तर आपण किती बोलायचे ते प्रत्येक व्यापाऱ्याने आजच ठरवून ठेवावे.